साधी गाठ

अन्ननलिकेतली गाठ काढल्यावर सर्जनबाई हसून म्हणाल्या होत्या, "तपासणीत गाठ साधी निघाली. कर्करोग नाही." घरानं त्यातला 'साधी' एवढाच शब्द उचलला. साधी गाठ म्हणजे साधं दुखणं, मग सुनेचे लाड कशाला? मऊ खायचं, थोडं थोडं खायचं, सावकाश चावायचं, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, हे सगळं पथ्य दवाखान्याच्या पायरीवरच राहिलं.

त्या दुपारीही सगळ्यांना वाढून ती शेवटी बसली. बसली कसली, ओट्याशी उभीच. भांड्याच्या तळाचा कडक भात. त्यात सासऱ्यांची हाक, "सूनबाई, चहा!"

तिनं घाईघाईनं दोन घास कोंबले. दुसरा छातीच्या मधोमध अडला. वर येईना, खाली जाईना. सासूबाई धावल्या. घास कसाबसा उलटून पडला, तेव्हा दोघींनाही घाम फुटला होता.

"आम्ही नाही का जन्मभर शेवटी जेवलो?" सासूबाई पुटपुटल्या. पण मुलाला फोन करून त्यांनीच सुनेला दवाखान्यात नेलं.

सर्जनबाईंनी औषध पाजून एक्स-रे काढला. "वाट मोकळी आहे, पण आतून अजून सूज आहे. जेवते केव्हा ही?"

"सगळ्यांचं आटोपलं की."

"आणि किती वेळात?"

"बाईमाणसाला जेवायला वेळ लागतो होय!"

"मावशी, गाठ साधी होती. ऑपरेशन साधं नव्हतं."



संध्याकाळी सुनेनं मऊ भात कालवला आणि सगळ्यांच्या आधी टेबलाशी ताठ बसली. नवरा गडबडला.

"अगं, बाबा थांबलेत."

"थांबू देत. दुपारी माझा घासही थांबला होता."

ती चावू लागली. सासरे खाकरले. खिडकीपाशी गेले, परत आले. वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. नवरा मोबाइल खालीवर करत राहिला. ती चावतच होती. घरभर खुर्च्या करकरत होत्या.

"घास चावतेय की तंबाखू मळतेय?" सासरे अखेर बायकोवर उखडले. "अजून किती वेळ?"

सासूबाईंनी आणखी एक ताट काढलं, त्यात वाढून घेतलं आणि सुनेच्या शेजारी बसल्या.

"आता मीही बसलेय," त्या म्हणाल्या. "म्हणजे आणखी थोडा वेळ लागेल."