गाडी गार राहिली

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे आणि दिसायलाही काही धड राहिलेलो नाही. माझी चांदी जागोजागी सोलली आहे, कडेची पट्टी उसवली आहे आणि मधोमध एक घडी पडली आहे, ती काही केल्या जात नाही. तरी तुम्ही मला ओळखाल. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या पुढच्या काचेला आतून एक चकचकीत पडदा लावलेला असतो ना, तोच मी. कुणी मला पडदा म्हणतं, कुणी पत्रा. एका मुलीने मला गाडीचा गॉगल म्हटलं होतं. ते नाव मला फार आवडलं होतं, पण पुन्हा कुणी त्या नावाने हाक मारली नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एका रुळावरून मऊ फेसासारखी शीट यायची, दुसऱ्यावरून चंदेरी कागद यायचा आणि दोन्ही तापलेल्या रुळाखालून चिकटून बाहेर पडायची. माझ्या कडा शिवणाऱ्या बाई शेजारच्या मशीनवरच्या बाईंना आपल्या सुनेबद्दल ढीगभर तक्रारी सांगत होत्या. माझ्या एका कोपऱ्याची शिवण वाकडी गेली आहे, ती त्या सुनेपायी. ती कोण, कुठली, मला आजवर कळलेलं नाही.

दुकानातून मला काकांनी आणलं. काका म्हणजे डॉक्टरबाईंच्या गाडीचे चालक. बाई दातांच्या डॉक्टर होत्या. सकाळी एक दवाखाना, दुपारी दुसरा, असा त्यांचा दिवस जायचा. हाताला मोठं यश होतं म्हणतात, पण बाईंना अर्धशिशीचा त्रास होता. तापलेल्या गाडीत पाऊल टाकलं की अर्ध डोकं ठणकायला लागायचं आणि मग संध्याकाळपर्यंत त्यांना उजेडही सहन व्हायचा नाही. आणि दुपारचा दवाखाना नेमका अशा गल्लीत होता की तिथे औषधालाही झाड नव्हतं. समोर एक लांब पांढरी भिंत, भिंतीशी गाड्या आणि वर ऊन.

काका गाडी गार ठेवण्यात वाकबगार होते. ते गाडी उन्हाकडे तोंड करून उभी करायचे. मला काचेला नीट टेकवायचे, कोपरे हाताने दाबून बघायचे, वरून उन्हाच्या दोन्ही झडपा खाली पाडून मला अडकवायचे. चारही काचा बोटभर खाली. मागच्या सीटवर पांढरा टॉवेल, स्टिअरिंगच्या चाकावर ओलं फडकं. बाई यायची वेळ झाली की एका बाजूची काच पूर्ण उतरवायची आणि समोरच्या बाजूचं दार पाच-सहा वेळा उघडझाप करायचं, सुपाने पाखडावं तसं. आतली कोंडलेली हवा भसकन बाहेर पडायची. मग एसी लावायचा. बाई आत बसल्या की डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "काका, तुमच्यामुळे मी उभी आहे हो." मग मला घडी घालताना काकांचा हात हलका पडायचा. मलाही वाटायचं, यात आपलाही वाटा आहे. तेव्हा मी फार मिजाशीत असायचो.

सुरुवातीला काका वाट बघताना गाडीतच बसायचे. दार थोडं उघडं ठेवून, सीट मागे टाकून एखादी डुलकीही काढायचे. एका दुपारी बाई डोकं धरूनच बाहेर आल्या. गाडी त्या दिवशी जरा तापलेली होती. त्या मागे बसल्या, कपाळावर रुमाल दाबला आणि म्हणाल्या, "आत बसत जाऊ नका हो काका. माणूस बसला की गाडी तापते."

"बरं बाई," काका म्हणाले.

एवढंच. मी सीटमागे घडी होऊन पडलो होतो, मला शब्द न् शब्द ऐकू आला. बाईंचं डोकं दुसऱ्या दिवशी उतरलं आणि त्याबरोबर ते बोलणंही उतरलं. काकांना मात्र ती काळ्या दगडावरची रेघ झाली. त्या दिवसापासून ते गाडीत बसले ते फक्त चालवायला.

भिंतीची सावली दुपारी आक्रसत आक्रसत पायाच्या बोटांशी यायची आणि मग नाहीशी व्हायची. दवाखान्याचं दार दिसावं म्हणून काका गाडीच्या पुढे उभे राहायचे. बाई दिसल्या की धावायला बरं. माझी चंदेरी बाजू बाहेर असायची, म्हणून मला दुपारभर दोनच गोष्टी दिसत, ऊन आणि काका. एक गोष्ट सांगायला मला जड जातं. ऊन मी परतवायचो म्हणजे ते काही हवेत विरून जात नव्हतं. ते समोर उभ्या माणसाच्या तोंडावर जायचं. काका डोळ्यांवर हात धरायचे, थोडे बाजूला सरकायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा तिथेच यायचे.

इतर चालक त्यांना खांबकाका म्हणायचे. त्यात कवळ्या बनवणाऱ्या दंतशाळेच्या व्हॅनचा एक मिशीवाला चालक होता. कवळ्या घेऊन यायचा आणि काहीतरी बोलल्याशिवाय जायचा नाही.

"अहो खांबकाका, आत बसा की! गाडी काय अंडी उबवतेय?"

"बाईंना चालत नाही."

"विचारा तरी एकदा. विचारायला काय जातंय?"

"त्यांचं डोकं दुखतं रे. आपलं काय, आपल्याला सवय आहे."

तिकडे बाई वरच्या खिडकीतून बघायच्या. एकदा गाडीत बसताना त्या मैत्रिणीला म्हणाल्याही, "आमच्या काकांना गाडीत करमतच नाही बघ. चार माणसांत उभं राहायला आवडतं त्यांना." काका आरशात बघून हसले. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. पण पडद्याने ओरडायचं कसं? बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. काकांच्या बायकोच्या आजारपणात त्या स्वतः घरी येऊन गेल्या होत्या. पण त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही, आणि अशी वर्षंच्या वर्षं निघून गेली.

काकांचे केस पिकले. उभ्या उभ्या ते बॉनेटला टेकायला लागले, मग चटका बसला की हात उचलायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांना मधूनच भोवळ यायची. मिशीवाला पाण्याची बाटली द्यायचा, तर त्यातलं निम्मं पाणी ते चाकावरच्या फडक्याला लावायचे. माझा जीव तुटायचा. मला वाटायचं, एखाद दिवस आपण काचेवरून घसरून पडावं, गाडी चांगली तापावी आणि काकांना तरी कळावं की गाडी काही माणूस बसल्याने तापत नाही. पण काका मला फार घट्ट बसवायचे.

त्या दिवशी वाराही नव्हता. बाईंना आत एका अवघड दाढेने अडकवून ठेवलं होतं. दोनदा निरोप आला, "आता येतातच." दोन्ही वेळा काकांनी मला काढलं, दार झुलवलं, एसी लावला, आणि बाई येत नाहीत म्हणून तो बंद करून पुन्हा मला लावलं. त्यांना घाम येत नव्हता, चेहरा कोरडा लाल झाला होता. तिसऱ्यांदा निरोप आला. त्यांनी मला काढून पुढच्या सीटवर ठेवलं आणि पलीकडे जाऊन दार झुलवायला लागले. एकदा, दोनदा. मग दार उघडंच राहिलं. काका दाराच्या मुठीला धरून हळूहळू खाली बसत गेले, जणू मुलांना घोडा घोडा करायला बसतायत. मग आडवे झाले.

"अरे धावा!" मिशीवाला ओरडला. त्याने काकांना काखेत धरून उचललं आणि मागच्या सीटवर, त्या पांढऱ्या टॉवेलवर निजवलं. मला उचलून तो जोरजोरात वारा घालायला लागला. माझी ही मधली घडी तेव्हाची आहे.

बाई हातमोज्यांसकट धावत आल्या. त्यांनी काकांची नाडी बघितली, ओलं फडकं मानेखाली ठेवलं. गाडीत वाकल्या आणि तिथेच थबकल्या. आत छान गार होतं.

"काका, गाडी एवढी गार आहे," त्या म्हणाल्या, "आत का नाही बसलात हो?"

काकांची जीभ जड झाली होती. "तुम्हीच... नको म्हणाला होतात."

"मी? मी कधी म्हणाले?"

काकांनी डोळे मिटून घेतले. मिशीवाला जमिनीकडे बघत राहिला. बाईंनी आठवायचा प्रयत्न केला, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण त्यांना काही आठवेना. मग त्यांनी हातमोजे ओरबाडून फेकले, स्वतः स्टिअरिंगमागे बसल्या आणि गाडी मोठ्या इस्पितळाकडे सोडली. आरशात बघून त्या सारखं म्हणत होत्या, "काका, बोलत राहा. काका, काहीतरी बोला."

काका वाचले. पण पहिल्यासारखे झाले नाहीत. त्यांचा उजवा हात थरथरतो आणि बोलताना शब्द मध्येच हरवतो. गाडी चालवणं संपलं. चपला, बाटली आणि फडकं यांच्यासोबत मलाही कुणीतरी पिशवीत कोंबलं होतं, म्हणून मी त्यांच्या घरी आलो. आता मी त्यांच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या खिडकीला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेला असतो. काकी माझ्यावरची धूळ पुसतात तेव्हा पुसतात. इथे मला पाहून कुणी वाहवा करत नाही, आणि मला आता ती नकोही आहे. खोली थोडी गार राहते आणि काका दुपारी कॉटवर पडून असतात. उन्हात ते बाहेर पडूच शकत नाहीत.

बाई अधूनमधून येतात. "नव्या चालकाला मी पहिल्याच दिवशी आत बसायला सांगितलं," असं त्या काकींना म्हणाल्या आणि सांगताना रडल्या. काकी पदराचं टोक मुठीत धरून बसून राहिल्या.

परवा तपासणीला न्यायला बाई स्वतः गाडी घेऊन आल्या. मी खिडकीतून गल्लीकडेच तोंड करून असतो, त्यामुळे मला सगळं दिसलं. बाईंनी उतरून मागचं दार उघडलं. काका काठी टेकत गाडीपाशी आले आणि दाराशी न जाता पुढे जाऊन बॉनेटशी उभे राहिले. ऊन त्यांच्या डोक्यावर होतं.

"काका, बसा ना," बाई म्हणाल्या.

"हो, हो. बसतो की."

ते उभेच.

"अहो, बसा! किती वेळ उभे राहणार?" काकी दारातून म्हणाल्या.

"तुमचं आवरू दे," काका म्हणाले. "मग बसतो."

शेवटी बाईंनी त्यांचा थरथरता हात धरला आणि त्यांना दारापर्यंत आणलं. तरी आत पाय टाकण्याआधी काकांनी एकदा बाईंच्या तोंडाकडे बघितलंच, परवानगी मागितल्यासारखं.

मित्रांनो, मोटार गार ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, मी सांगितलं तसं करा. आमच्यासारखे पडदे वापरा आणि काम झालं की नीट घडी घालून ठेवा. पण तुमच्यासाठी कुणी बाहेर उन्हात उभं असेल, तर आधी त्याला आत बोलवा. त्याला आवडतच असेल उभं राहायला, असं धरून चालू नका. "बसा" असं एकदा म्हणून तर मुळीच निघून जाऊ नका. पुन्हा म्हणा, हाताला धरा, आणि तो माणूस खरंच बसेपर्यंत तिथून हलू नका.