सहाची घंटा

तांब्याच्या तारांचं जुनं टेलिफोन जाळं एका कंपनीने दुसरीला विकलं, तेव्हा करारातलं अठरावं कलम वकीलबाईंनी लिहिलं होतं: शेवटच्या ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय एक्स्चेंज बंद करता येणार नाही. तेव्हा त्या नवख्या होत्या आणि वडील त्याच एक्स्चेंजात लाइनमन. लेकीचं कलम ते आठवडाभर मिरवत होते.

बावीस वर्षांनी त्या स्वतःच विकत घेणाऱ्या कंपनीच्या वकील होत्या, आणि शेवटचा ग्राहक सही देत नव्हता.

"कोण हा हटवादी म्हातारा?" साहेबांनी विचारलं.

"माझे वडील."

"मग काम फत्तेच!"

रविवारी त्या संमतिपत्र घेऊन घरी गेल्या.

"या वकीलसाहेब," वडील म्हणाले. "आज घराची आठवण, की ऑफिसची?"

"बाबा, एका फोनसाठी अख्खं एक्स्चेंज चालू आहे. नवी लाइन फुकट देतायत."

"सहापर्यंत बस. मग बोल."

आई खिडकीशी बसली होती. तीही एकेकाळी तिथलीच ऑपरेटर. तीन वर्षांपासून तिला माणसं ओळखू येत नव्हती, बोलणंही थांबल्यातच जमा होतं. सहाला वडिलांनी तीन आकडे फिरवून रिसीव्हर ठेवला. लाइनमनचा चाचणीचा नंबर तो. फिरवून ठेवला की आपलाच फोन वाजतो. घंटा खणखणली. आईची पाठ ताठ झाली. तिने रिसीव्हर उचलला.

"नमस्कार, एक्स्चेंज. कोणता नंबर देऊ?"

पलीकडे कोणीच नव्हतं. ती जरा थांबली, "जोडते हं," म्हणाली आणि रिसीव्हर ठेवून हसली.

"दिवसभरात एवढंच बोलते," वडील म्हणाले. "नव्या लाइनीत हा नंबर नाही."

"पण बाहेरून कोणी फोन केला तर घंटा वाजेलच की."

"वाजेल ना. करतं कोण?"

कंपन्यांना एकमेकींशी जोडणारे करार लिहिण्यात वकीलबाईंची हयात गेली होती. त्या खाली बघत म्हणाल्या, "मी करीन. रोज सहाला."

"हे कुठल्या कलमात घालणार?" वडील म्हणाले. मग त्यांनी सही केली.

महिन्याभरात तारा निघाल्या, घरी नव्या लाइनीचा डबा बसला. पहिल्याच दिवशी सहाला वकीलबाई मीटिंगमधून उठल्या आणि जिन्यात जाऊन फोन लावला. बऱ्याच वेळाने वडिलांनी उचलला.

"घंटेची हातोडी हलताना दिसली म्हणून उचलला गं. नव्या डब्याचा करंट जुन्या घंटेला पुरत नाही. थरथरते, वाजत नाही."

"नवा फोन लावा ना."

"डब्याबरोबर आलाय. सकाळी वाजवून पाहिला. दारावरच्या बेलसारखा चिवचिवतो. तुझी आई दाराकडे बघते."

"तिच्या हातात द्या बरं."

श्वास ऐकू आला.

"नमस्कार," वकीलबाई म्हणाल्या. "एक्स्चेंज ना? एक नंबर हवा होता."

नुसता श्वास. त्यांनी घरचाच नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून. मग पुन्हा सांगितला.

"राहू दे आज," वडिलांचा आवाज आला. "उद्या कर. सहाला."