भिंतीत न सापडलेली गोळी

मुलांच्या तातडीच्या विभागातल्या मोठ्या सिस्टरना सगळे ‘कात्री’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. गोळी लागलेलं मूल आलं की त्या गळ्यापासून पायमोजांपर्यंत सगळे कपडे कापून काढत. अंगावर चिंधी ठेवायची नाही, हा नियम. रडणारं मूल एका जागी बोट दाखवतं आणि सगळे शहाणे लोक तिथेच बघत बसतात, असं त्यांचं म्हणणं. कापतानाही कपड्यावरचं भोक चुकवून बाजूने कात्री न्यायची, म्हणजे पोलिसांना ते शाबूत मिळतं. पोलिसांना काही शाबूत मिळायची सवय नसल्यामुळे ते खूश होत.

दुपारी साडेतीनला सात वर्षांची मुलगी आली. डाव्या दंडातून गोळी आरपार. सोबत आई आणि आईचा भाऊ, म्हणजे ज्याच्या हातून गोळी सुटली तो मामा.

“रिकामं होतं हो सिस्टर,” मामा म्हणाला. “मी स्वतः बघितलं होतं. पिस्तूल रिकामंच होतं.”

“नशीब. भरलेलं असतं तर लागलं असतं कुणाला तरी.”

मामाने होकारार्थी मान हलवली. मग थांबवली.

सिस्टरनी बाही कापली. दंडाला बाहेरून एक भोक, आतल्या बाजूने एक. पट्टी बांधून झाली आणि कात्री फ्रॉककडे वळली, तशी मुलीने उजव्या हाताने फ्रॉकचा घेर घट्ट धरला.

“हा नका ना कापू काकू! उद्या वर्गाचा फोटो आहे.”

“रक्त लागलंय त्याला.”

“मी मागच्या रांगेत उभी राहीन.”

तेवीस वर्षांत सिस्टरनी स्वेटर, गणवेश आणि एकदा तर सशाचा पोशाख उभा चिरला होता. पण ही मुलगी रडत नव्हती, वाद घालत होती. आणि वाद घालणाऱ्या मुलांवर त्यांचा जीव होता. “बरं, राहू दे,” त्या म्हणाल्या. विभागातल्या दोघी नर्स एकमेकींकडे बघायला लागल्या.

दंडाचा एक्स-रे आला. हाड धड, गोळी नाही. महिन्याभरापूर्वी रुजू झालेले डॉक्टर आनंदले. “दोन भोकं, एक आत जायचं, एक बाहेर यायचं. सुटलो!” असं म्हणून ते नऊ पानी अर्ज भरायला बसले. इजा करणाऱ्याचे रुग्णाशी नाते: मामा. इजा करणाऱ्याचा व्यवसाय: शिकवणी. विषय विचारलेला नव्हता, तरी त्यांनी ‘भूगोल’ लिहिलं.

सिस्टरना मात्र एका जागी उभं राहवेना. त्यांनी सलाईनचा वेग तपासला. चादर ओढून सरळ केली. पुन्हा सलाईन तपासलं. नाडी एकशे अठरा होती, ती एकशे तीस झाली.

“मला बसायचंय,” मुलगी म्हणाली.

“पडून राहा गं थोडा वेळ,” आई म्हणाली. “ही अशीच हो सिस्टर, घरीसुद्धा टिकत नाही एका जागी.”

“मला बसायचंय.” मग नुसतंच, “बसायचंय.” वाद संपला होता. सिस्टरना ते अजिबात आवडलं नाही.

त्या मामाकडे वळल्या. “गोळी कुठे गेली?”

“दंडातून बाहेर गेली ना?”

“तिथून पुढे?”

“पुढे... नाही सापडली. आत्ताच घरून फोन आला. हवालदारांनी कपाटं हलवली, गाद्या उसवल्या. भिंतीला साधा ओरखडा नाही. खिडकी बंद होती.” मामाने आवाज खाली आणला. “विरघळली असेल का हो?”

सिस्टरनी कात्री घेतली आणि फ्रॉक खालपासून गळ्यापर्यंत एका दमात चिरला. मुलीने अडवलं नाही. जखमी हात तिने अंगाशी गच्च दाबून धरला होता. तो हळूच उचलला. काखेच्या घडीत शर्टाच्या बटणाएवढं भोक. रक्त जवळजवळ नाहीच.

“डॉक्टर! छाती बघा, डावी!”

अर्ज जमिनीवर पसरला. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावला. “डावीकडे श्वास ऐकूच येत नाही.” ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णववर आला, मग एकोणनव्वदवर. सिस्टरनी मुलीच्या नाकातोंडावर मास्क दाबला, दुसऱ्या हाताने ट्रे ओढला. डॉक्टरांनी छातीत घालायची नळी उचलली. “बरगडीच्या वरच्या कडेने,” सिस्टर हळू म्हणाल्या, “घाई नको, पण उशीरही नको.” डॉक्टरांनी यातलं जमेल ते केलं. नळी आत गेली, फस्सकन हवा सुटली, बाटलीत रक्त उतरलं. आकडा चढायला लागला आणि मुलीला वर शस्त्रक्रियेला नेलं.

साडेसहाला निरोप आला. गोळी फुप्फुसाच्या मागे, फासळीला टेकून होती. काढली. रक्त थांबलं. मुलगी वाचली.

आई बाहेर बाकावर बसली होती. मामाला हवालदार घेऊन गेले होते. सिस्टर दाराकडे निघाल्या, तर डॉक्टर आडवे आले. “फ्रॉकचं कशाला सांगताय आईला? वाचलीये ना ती!”

“म्हणूनच सांगते. वाचली नसती तर तुम्ही सांगू दिलं असतं का?”

त्या आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “फ्रॉक आल्याआल्या कापायला हवा होता. मी तिचं ऐकलं. त्यात वीस मिनिटं गेली. चूक माझी.”

आईने मान वर केली. सिस्टरना वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“पुढच्या पोराचं ऐकू नका,” आई म्हणाली.

“नाही ऐकणार.”

बाकावर जागा होती. बसा म्हणायचं आईला सुचलं नाही आणि सिस्टरनाही जाववेना. म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या.