खणाची पिशवी

सावित्रीच्या घरी न्हाणीची चूल प्लास्टिकच्या पिशव्यांनी पेटायची. बाजाराची पिशवी घरी आली की दाराआडच्या मोठ्या पिशवीत जाई आणि तिथून चुलीत. सून रसिका साताऱ्याची. त्या धुराने पहिल्याच आठवड्यात तिचे डोळे सुजले. तिने ठरवलं, कापडी पिशव्या शिवायच्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाडीभर वाटायच्या. कट्टा गावच्या आठवडी बाजारात बायकांच्या हाती आपली पिशवी दिसली, म्हणजे मिळवली.

कापडाची चिंता नव्हती. सासूच्या ट्रंकेत खणांची चळत होती. ओटीत आलेले, कधी न उलगडलेले, घडीवरच विटलेले. सावित्री तेव्हा माहेरी वेंगुर्ल्याला. भावाकडे भजन जोरात होतं.

"आई, ट्रंकेतले खण घेऊ का पिशव्यांना?" रसिकाने फोनवर विचारलं.

"घे गो, काय व्हया ता घे!"

दोन-दोन खण जोडून, आत जुन्या चादरीचं अस्तर लावून पिशव्या झाल्या. दिसायला झकास. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी त्या हातात घेतल्या. एकीने काठ उजेडात धरला, दुसरीने शिवण उलटून पाहिली. शेजारची सारिका वहिनी तर तिळगूळ गालात ठेवूनच उठली. एसटी चुकल्यामुळे सावित्री पोचली ती बायका पांगल्यावर.

पुढच्या बाजाराला कट्ट्यात एकीच्याही हाती कापडी पिशवी नव्हती. बायका रसिकाला बघून कांद्यांकडे बघायला लागत.

"गंगारामभाऊ, ह्यांना काय झालंय?" तिने दुकानदाराला विचारलं.

गंगारामने बंदी असलेली प्लास्टिकची पिशवी टेबलाखालून काढली. "माका काय विचारतंस? बायकांचो हिशोब बायकांका."

रंग आवडले नाहीत? की नवी सून पुढे पुढे करते, असं वाटलं? शेवटी तिने सारिकाला कुंपणाशी गाठलं.

"वहिनी, माझं काय चुकलं?"

"तुझा खंय चुकला? पण तो मोरपंखी खण मी बाबलीच्या बायलेक दिलंय. तो तुझ्या पिशवीत कसो इलो?"

बाबलीची बायको कुंपणालगतच्या विहिरीवर होती. "गो सारिका, तो मी सावित्रीक दिलंय. आणि तुका तो खंयसून गावलो, ता सांग बघूया!"

सारिका आठवायला लागली, आणि आठवल्यावर तिचा चेहरा पडला. तिलाही तो सावित्रीनेच दिला होता. आता रागवायचं कुणी कुणावर? तिघींनी सावित्रीच्या दाराकडे पाहिलं. तिथे उभी सावित्री कडीपत्ता खुडायला लागली.

रसिकाला काही उमगेना. "म्हणजे हे खण कुणीच शिवत नाही?"

"शिवूक कोण देता?" सावित्री उसळली. "फिरवूक देतत! मी घे म्हटलंय. कापूक खंय सांगलंय?"

तेव्हा कुठे तिला थोडं कळलं. खण या ओटीतून त्या ओटीत जायचा, कुणाचंच काही जायचं नाही आणि प्रत्येकीचा मान राहायचा. वाडीचं ते फिरतं भांडवल रसिकाने दुहेरी टीप मारून बंद केलं होतं.

"माझ्या सुनेचा डोहाळजेवण तोंडार इला," सारिका म्हणाली. "ओटीत आता काय घालूचा?"

"पिशवीच घाला की," रसिका वैतागून म्हणाली. "नारळसुद्धा मावतो."

सारिकाने घरातली पिशवी आणली, घडी घातली, हाताने दाबली. "घडी बरी पडता," ती बाबलीच्या बायकोला म्हणाली. रसिकाला नव्हे.

डोहाळजेवणाला सगळ्यांच्या ओट्या पिशव्यांनी भरल्या. रसिकाला बायकांनी मध्ये बसवलं, आणखी शिवशील का म्हणून विचारलं, साताऱ्याची चौकशी केली. जिंकलो, असं तिला वाटलं.

परतताना सासू-सून दोघी गंगारामकडे कांदे घ्यायला थांबल्या. रसिकाने ओटीतली पिशवी झटकून उघडायला घेतली, तोच सावित्रीने ती हिसकावली.

"घडी मोडू नको! फाल्गुनात दोन लग्नां आसत."

"पण आई, मी त्या कांद्यांसाठीच शिवल्या…"

"कांद्यांक? खुळी काय तू?" सावित्रीने पिशवी पदराखाली घेतली आणि गंगारामकडे वळली. "सून मात्र हुशार गावली हां माका. सगळी वाडी नाव काढता."

रसिका हसली, मग हसायचं का ते न कळून थांबली. गंगारामने टेबलाखाली हात घातला, पातळ पिशवीच्या तोंडात फुंकर मारली आणि ती तिच्यापुढे उघडून धरली.