एका हाताचा निवडुंग

मी निवडुंग बोलतोय. वाळवंट मी आयुष्यात पाहिलेलं नाही. लंडनच्या क्रॉयडनमधल्या एका घरामागे, शेड आणि कचऱ्याचे डबे यांच्या मधल्या बोळकांडीत मी उभा आहे आणि आठवडाभर माझ्यावर पाऊस पडतोय. पडू दे. मी फायबरग्लासचा आहे. कुजायचीही सोय नाही.

माणसाएवढा उंच, रंग उडालेला, आणि आता एकाच हाताचा. दुसरा हात आत स्वयंपाकघराच्या खिडकीत, कोथिंबिरीच्या कुंडीशेजारी ठेवलेला आहे. तो परत बसवून द्यायची कुणाला तरी फार घाई झाली आहे. म्हणून आज बोलतोय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. माझे काटे खोटे असले, तरी टोचतात.

माझा जन्म एका मेक्सिकन रेस्टॉरंटसाठी झाला. दाराशी उभं राहायचं, गळ्यात मेनू अडकवायचा, शुक्रवारी संध्याकाळी पिऊन आलेल्या पोरांच्या मिठ्या सोसायच्या. मिठी मारली की पोरं ओरडत, आणि दोष मला देत. रेस्टॉरंट बंद पडलं. मला तुटक्या खुर्च्यांबरोबर रस्त्यावरच्या स्किपमध्ये, म्हणजे भंगाराच्या लोखंडी पेटीत, टाकलं. तिथून मला सुभाष जगधने यांनी उचललं.

सुभाष मूळचे परभणीचे. इथे कौन्सिलच्या हाउसिंग खात्यात नोकरी करायचे आणि घरी येऊन वेस्टर्न, म्हणजे काऊबॉयचे चित्रपट, लिहायचे. घोडे, धूळ, एकटा स्वार, बंद दारांचं गाव. कित्येक वर्षं पटकथा लिहून पाठवत राहिले. उत्तर बहुधा एकाच छापाचं येई: लेखन उत्तम आहे, पण तुम्ही तुमच्या लोकांबद्दल का लिहीत नाही? शेवटी त्यांनी ठरवलं की आता चित्रपट आपणच काढायचे.

मला घेऊन ते ट्रॅममध्ये चढले. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर केबिनमधून बाहेर आला आणि आम्हा दोघांकडे बघत राहिला.

"मराठी दिसताय," तो म्हणाला. "याचं तिकीट काढलंय?"

"लहान आहे अजून. फुकट."

"कुठले तुम्ही?"

"परभणी. तुम्ही?"

"हिंगोली. प्रमोद वाकळे. जय भीम. या झाडाचं करणार काय?"

"वाळवंट."

प्रमोद इतका हसला की पुढची ट्रॅम चुकते की काय असं झालं. मग म्हणाला, "घोडा लागला तर सांगा. मी बसतो." घोड्यावर तो आयुष्यात बसलेला नव्हता. पुढे वीसेक वर्षं सुभाषच्या प्रत्येक चित्रपटातला स्वार तोच झाला.

जवळच्याच सरे परगण्यातल्या टेकड्यांत चुनखडीची एक बंद खाण होती. तेच आमचं वाळवंट. ऊन आलं की धावत शूट करायचं, ढग आले की थर्मासमधला चहा. मी एकटाच निवडुंग, म्हणून एका शॉटमध्ये डावीकडे, पुढच्यात उजवीकडे, त्याच्या पुढच्यात लांब टेकाडावर. प्रेक्षकाला वाटे, मुलूख निवडुंगांनी भरलेला आहे. अख्ख्या जंगलाचं काम मी एकट्याने केलं. नाव कुठे आलं नाही. सुभाषचंही फारसं कुठे आलं नाही, तेव्हा माझी तक्रार नाही.

त्यांची एक सवय मात्र सगळ्यांना छळायची. कथा ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने ते शूट करत. शहाणे दिग्दर्शक एका जागेचं सगळं काम उरकून पुढच्या जागी जातात. आमचं तसं नाही. गावातला सीन, मग टेकाड, मग पुन्हा गाव. मला उचलून उचलून प्रमोदची कंबर गेली.

"दादा, सगळे गावातले सीन आजच घेऊन टाकू की!"

"नाही. तुझा स्वार अजून थकलेला नाहीये. शेवटच्या सीनला तो थकलेला दिसला पाहिजे."

"मी थकलोय ना, खराखुरा!"

"अजून नाही पुरेसा."

असे पाच चित्रपट झाले. कुठल्याशा छोट्या महोत्सवात सकाळच्या रिकाम्या खेळाला लागायचे. एका समीक्षकाने 'हळदीतला वेस्टर्न' असं लिहिलं. चित्रपटात हळद कुठे होती हे मी आजही शोधतोय. दुसऱ्याने कॅमेऱ्याची तारीफ केली आणि सुभाषचं नाव चुकवलं. सुभाषच्या पत्नी राजश्रीताई, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या, ते कात्रण वाचून म्हणाल्या, "अहो, निवडुंगाचं नाव तरी बरोबर छापलंय का बघा."

शेवटचा चित्रपट 'कोरडा हौद'. त्यात मला प्रथमच एक पक्की भूमिका मिळाली. गावाच्या मधोमध पाण्याचा हौद आणि हौदाच्या काठाला मी. तहानलेला स्वार गावात येतो. गावकरी म्हणतात, घोड्याला पाणी पाज, तुला मिळणार नाही. घोडा पितो. स्वार बघत राहतो. मग तो टोपी काढतो, गुडघे टेकतो आणि ओंजळीने पाणी पितो. गावकरी काठ्या घेऊन धावतात.

प्रमोदने पटकथा वाचून खाली ठेवली. मग म्हणाला, "दादा, हे महाडचं तळं आहे. फक्त टोप्या वेगळ्या."

सुभाष म्हणाले, "आमच्या गावच्या पाणवठ्यावर म्हैस उतरायची. माझी आई काठाला उभी राहायची, कुणी वरून ओतेल म्हणून. एवढं एक दाखवायला मी इतके घोडे पळवले."

शूटिंगच्या दिवशी ठरलं होतं असं: काठी उगारली की प्रमोदने बाजूला व्हायचं. प्रमोद झाला नाही. तो पीतच राहिला. काठी मारणारा गडी गोरा होता, पेशाने प्लंबर, बिचारा घाबरला आणि त्याने ऐन वेळी हात वळवला. काठी माझ्यावर बसली. माझा हात खांद्यापासून तुटून हौदात पडला. पाणी प्रमोदच्या तोंडावर उडालं, आणि तो तोंड न पुसता उठून उभा राहिला. कुणी 'कट' म्हणालं नाही. सुभाष कॅमेऱ्यामागे उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

तो एकच टेक ठेवला. त्या सीनच्या आधी चित्रपटात मला दोन हात आहेत, नंतर एक. क्रमाने शूट करण्याचा हा फायदा.

आता मँचेस्टरची गोष्ट. तिथल्या एका मराठी मंडळाने सुभाषचा सत्कार ठरवला. 'कोरडा हौद' दाखवायचा, मग शाल-श्रीफळ, मग जेवण. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर शशिधर. माणूस वाईट नाही. निम्म्या मँचेस्टरचे गुडघे त्यांनी बदलले असतील. महिनाभर आधी त्यांचा फोन आला. सुभाष शेडमध्ये माझी धूळ पुसत होते, स्पीकर चालू होता.

"सुभाषराव, ग्रेट पिक्चर आहे हो! फक्त तो हौदाचा भाग... थोडा हेवी होतो. फॅमिली ऑडियन्स आहे. तेवढा वगळला तर?"

"का?"

"उगाच नको त्या विषयाला तोंड फुटतं. इथे आता कोण पाहतं ते सगळं?"

"काऊबॉय आहेत ते, डॉक्टर. तुम्हाला त्यांच्यात कोण दिसलं?"



"मला काही नाही हो. कमिटीतल्या काहींचं म्हणणं."

"त्या काहींना नावं असतील."

"सुभाषराव, तुम्ही चिडता बघा."

"चिडत नाही. पूर्ण दाखवा, नाहीतर दाखवू नका."

"बरं बरं. पूर्ण दाखवू," डॉक्टर म्हणाले.

प्रमोदने व्हॅन काढली. सत्काराला मीही हवा होतो, सजावट म्हणून. हॉलमध्ये पोचल्यावर मला स्टेजच्या कडेला लावलं, माझ्या डोक्यावर कागदी टोपी ठेवली आणि तुटकी बाजू भिंतीकडे वळवली. फोटो चांगले यावेत म्हणून. झब्ब्यातले, पैठणीतले लोक रांग लावून माझ्या खांद्यावर हात टाकून हसले.

दिवे मालवले. स्वार गावात आला. घोडा हौदाशी गेला, पाणी प्यायला. आणि पुढच्या क्षणी स्वार गावाबाहेरच्या रस्त्याला लागलेला. मध्ये काहीच नाही. ना ओंजळ, ना काठी.

पहिल्या रांगेत सुभाष बसले होते. राजश्रीताईंनी त्यांची बाही धरली. "अहो, उठा. बोला काहीतरी."

"राहू दे गं," ते म्हणाले. "दमलोय."

मी त्यांना पावसात, चिखलात, रिकाम्या थिएटरात पाहिलंय. इतके म्हातारे ते मला कधी दिसले नव्हते.

चित्रपट संपला. टाळ्या झाल्या. डॉक्टरांनी शाल पांघरली, नारळ दिला, दोन शब्द बोलले, आणि मग कुणाला काही विचारायचं आहे का, असं सहज म्हणाले. मागून एक मुलगी उठली. आश्लेषा, डॉक्टरांचीच मुलगी, इथेच वाढलेली, युनिव्हर्सिटीत शिकणारी.

"काका, ती कॅक्टसची हात कुठे गेली? आधी दोन होती ना? मग सडनली एक."

हॉल हसला. डॉक्टर घाईने म्हणाले, "बेटा, लो बजेट. अशा चुका राहतात."

"नो बाबा, बघ ना." ती चालत स्टेजपाशी आली आणि मला भिंतीपासून वळवलं. कागदी टोपी खाली पडली. माझा तुटका खांदा सगळ्यांसमोर आला. "इथे पण तुटलेली आहे. रिअली तुटलेली."

सुभाष उठले. माइक घेतला नाही.

"बाळ, चूक नाही ती. मी क्रमाने शूट करतो. ज्या सीनमध्ये तो हात तुटला, तो सीन तुम्हाला दाखवलेला नाही. मी पाठवला होता. का दाखवला नाही, ते बाबांना विचार."

"बाबा?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे. "जेवण गार होतंय, मंडळी," ते म्हणाले.

आणि मंडळी उठली. बहुतेक सगळी. श्रीखंडाच्या दिशेने शिस्तीत रांग लागली. मी इतक्या बंद दारांच्या गावांत उभा राहिलोय, पण इतकं सुसंस्कृत गाव मी पाहिलं नव्हतं. तिथे काठीसुद्धा लागली नाही.

सुभाषनी शाल काढली आणि माझ्या उरलेल्या हातावर टाकली. प्रमोदने व्हॅनमधून आपला लॅपटॉप आणला, स्टेजच्या कडेला ठेवला. छोटासा पडदा. आश्लेषा जमिनीवर मांडी घालून बसली. तिच्याबरोबर अजून काही जण. डॉक्टरांच्या पत्नी वीणाताई हातात भरलेलं ताट घेऊन मागे उभ्या राहिल्या.

स्वाराने ओंजळ भरली. काठी आली. माझा हात पाण्यात पडला.

वीणाताईंचं ताट तसंच होतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या घराचा आड होता. मी वरून ओतायची." आणि ताट खुर्चीवर ठेवून बाहेर गेल्या.

एवढंच घडलं. क्रांती वगैरे काही झाली नाही. आम्ही रात्री क्रॉयडनला परतलो.

परवा डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, झालं गेलं सोडा, गैरसमज झाला. त्यांच्या ओळखीचा एक कारागीर आहे, निवडुंगाचा हात असा बसवून देईल की सांधा दिसणार नाही. मग मला मंडळाच्या हॉलमध्ये कायमचं ठेवू म्हणाले, सुभाषरावांची आठवण म्हणून. राजश्रीताईंनी फोन सुभाषकडे दिला. त्यांनी 'विचार करतो' म्हटलं. त्यांच्याने आता भांडवत नाही. सहावा चित्रपट होणार नाही हेही त्यांना कळलंय.

म्हणून त्यांच्यासाठी मी भांडतो. सुभाष, मला कौन्सिलच्या कचरागाडीत टाका, चालेल. स्किपमधून आलो, स्किपमध्ये जाईन. मँचेस्टरला पाठवायचं असलं तरी पाठवा, उभा राहीन. पण खिडकीतला हात खिडकीतच राहू द्या. लोक माझ्यासमोर थांबले, तर दुसरा हात कुठे गेला, ते त्यांना विचारू द्या.