सीतादहीच्या आधी

सुधाकरनं पाचवा खडा उचलला आणि वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, बाकीच्या चार खड्यांशेजारी मांडला.

"तो नाही बापू," देवकाबाई म्हणाली. "चिरलेला हाय. दुसरा पाह्य."

त्यानं खडा फेकला. जरा जास्तच लांब फेकला. तेवढ्यात रस्त्यावर उभ्या त्याच्याच प्रचारगाडीचा भोंगा ओरडला—

अलमारी पर बटन दबाएँ, सौसर का भविष्य बना

—आणि मध्येच गप्प झाला. बॅटरी उतरत आली होती.

मागच्या आठवड्यात, रामाकोन्याच्या याच वावरात, त्याचा साळा रोशन म्हणाला होता, "भाऊजी, दोन बोंडं तोडा. फोटो झकास येते." सुधाकरच्या घरी आजोबांपासून संत्र्याचीच बाग, कपाशी कधी नव्हतीच. तरी धुऱ्यावर दहीभात ठेवून सीतादही केल्याशिवाय कपाशीचं पहिलं बोंड कोणी तोडत नाही, एवढं त्यानं ऐकलं होतं. त्यानं विचारलंही.

"झालंच असंल," रोशन म्हणाला होता.

झालं नव्हतं. फोटो घरोघरच्या मोबाईलवर गेला. वेचणाऱ्या बायांनी देवकाबाईच्या वावरात पाय ठेवायला नकार दिला. कापूस झाडावर लोंबू लागला आणि सुधाकर गावात शिरला की बाया दारं ओढून घेऊ लागल्या. अपक्ष माणूस. बायांच्या मतांवरच उभा राहिलेला. ज्यानं तोडलं त्यानंच सीतादही करावं, असा देवकाबाईचा निरोप आला, तोही आज. आज, जेव्हा पाच वाजता प्रचार संपणार होता आणि सौसरच्या चौकात शेवटची सभा—

"भाऊजी, लोकं जमून राहिले तिकडं," रोशन कानाला फोन लावून म्हणाला.

"काकू, आटपतं का?"

"दही येऊन राहिलं."

"कुठून?"

"सुमनच्या घरून. माह्यं लागलंच नाही."

"रोशनले पाठवतो दुकानात. पाकीट घेऊन येईल."

बांधावर बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "पाकिटाचं दही देवाले!" एक म्हणाली. "मग बोंडं बी पाकिटातच फुटतीन."

दही आलं. मग भात गार व्हायचा राहिला. मग शेंदूर घरी विसरला होता. सुधाकर उन्हात मांडी घालून बसला. पांढऱ्या पायजम्याला काळी माती लागली. खिशातला फोन थरथरत राहिला. शेवटी त्यानं तो काढून रोशनच्या अंगावर टाकला.

जन जन की यही पुकार, अबकी बार सुधा

शेवटी खड्यांना शेंदूर लागला. देवकाबाईनं सांगितलं तसा त्यानं पाना-पानावर दहीभात शिंपडला. बोटं चिकट झाली.

"मांगच्या इलेक्शनले बी एक आला होता," ती सहज म्हणाली. "असाच. बोंडं तोडली, फोटो काढला, गेला."

"कोण?"

तिनं हनुवटीनं विहिरीच्या खोलीकडं दाखवलं. भिंतीवर विद्यमान आमदाराचं पोस्टर होतं, हात जोडलेलं.

"मग? त्यानं केलं सीतादही?"

"त्याले कोण म्हणते? मोठा माणूस. आमीच करून घेतलं."

"अन् मले दुपारपासून बसवून ठेवलं?"

"तू आपला हायेस ना, बापू."

सुधाकरनं चिकट हात मातीत पुसले. "अन् मत कोणाले देल्लं होतं, काकू?"

"त्यालेच." देवकाबाई भांडं पालथं करून उरलेलं दही झटकत होती. "निवडून येनारच होता ना तो."

रस्त्यावर ड्रायव्हरनं भोंगा खाली उतरवला आणि दोरी गुंडाळायला घेतली. पाच वाजले होते. रोशन फोन पुढं करून उभा होता. सभेतली माणसं पांगली, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

बाया वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओट्या बांधून कपाशीच्या ओळींत, तासात उतरल्या. देवकाबाईनं एक जुनं लुगडं फाडून केलेली ओटी सुधाकरपुढं धरली.

"आता तोड. आता चालते."

त्यानं ओटी बांधली. रोशननं सवयीनं मोबाईल उचलला.

"ठेव तो."

सुधाकर वाकला. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटाला टोचली. त्यानं हात मागं घेतला, पुन्हा घातला. कापूस अर्धा हातात आला, अर्धा बोंडातच राहिला.

"सगळा काढ," शेजारच्या तासातून देवकाबाई म्हणाली. "आत काही ठेवाचं नाही."