घाटजामणीच्या बाजारातला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. अॅल्युमिनियमचा, धोतऱ्याच्या फुलासारखं तोंड पसरलेला. मित्रांनो, तुम्ही माझ्या जातभाईंना लग्नात किंवा प्रचाराच्या जीपवर पाहिलं असेल आणि कानांवर हात ठेवले असतील. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भोंग्याला स्वतःचा आवाज नसतो. समोर जो बोलतो, त्याचाच आवाज आम्ही मोठा करतो. म्हणून माझी गोष्ट ही खरं तर माझ्या माणसांची गोष्ट आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती फिरत्या साच्यावर बसवून एका कारागिराने ती दाबत दाबत वळवली आणि मला हा आकार आला. तिथून मी आदिलाबादच्या एका दुकानात येऊन टांगला गेलो. एके दिवशी घाटजामणीच्या भीमनगरातून एक जोडपं आलं. नागनाथ आणि त्यांची बायको कुसुमबाई. जयंतीच्या मिरवणुकीसाठी सगळ्या वस्तीने वर्गणी काढली होती. नागनाथांनी माझ्या पोटात वाकून पाहिलं, बोटाने दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "हाच पाह्यजे."

परतीच्या बसमध्ये मी कुसुमबाईंच्या मांडीवर होतो. कंडक्टर चेष्टेने म्हणाला, "बाई, याचं पन तिकीट काढा."

"काढतो ना," कुसुमबाई म्हणाल्या. "पन मंग याले खिडकीपाशी जागा द्या."

सगळी बस हसली. त्या खिडकीतून मी माझं गाव पहिल्यांदा पाहिलं.

घाटजामणी सातमाळा डोंगररांगेच्या अगदी पायथ्याशी आहे. पुढे घाट चढतो, इकडे कापसाची काळी जमीन पसरते. निजामाच्या काळात इथे करोडगिरीचा नाका होता. मालाच्या बैलगाड्या जकातीसाठी इथे थांबायच्या. गाड्या थांबल्या म्हणून चहा आला, चारा आला, लोहार आला, आणि पाहता पाहता बाजार भरू लागला. आता नाक्याचा फक्त दगडी ओटा उरला आहे, पण आइतवारचा बाजार मात्र दर वर्षी वाढतोच. डोंगरातून गोंड आणि कोलाम माणसं चारोळी, डिंक, वालाच्या शेंगा घेऊन उतरतात. तांड्यावरच्या बायका येतात. तेलुगू व्यापारी मिरची आणि कापड मांडतात. भाजीवाल्या बहुतेक मराठी. एकाच मिठाच्या पुडीसाठी इथे चार भाषांत घासाघीस चालते आणि ती सगळ्यांना समजते.

पहिली जयंती माझ्या आवाजाने गाजली. नागनाथांचा आवाज मोठा होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो स्पष्ट होता. ते ओरडत नसत. समोरच्या ओसरीवर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलत. मराठी घरची, तेलुगू शाळेची, हिंदी व्यापाऱ्यांची, आणि गोंडी लहानपणी डोंगरात गुरं राखताना शिकलेली.

जयंतीनंतर सरपंच शामराव विहाराच्या पायरीशी आले. म्हणाले, "नागनाथ, बजारात हाळी द्याले आता कोनी राह्यलं नाई. तुह्यापाशी भोंगा हाये, आवाज हाये. दर आइतवारी देत जाय ना."

नागनाथ म्हणाले, "हाळी नाई देनार, शामराव. हाळी माह्या बापानं देल्ली, माह्या आज्यानं देल्ली. अनवानी, उनातानात, कोनी पानी नाई विचारलं त्याइले. मी खुर्चीवर बसून सांगीन. सावलीत बसून. अन् मले नागनाथराव म्हनाचं."

आजूबाजूची माणसं शामरावांच्या तोंडाकडे पाहू लागली. शामराव जुन्या घराण्यातले, गावात वजन असलेले. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि म्हणाले, "बरं नागनाथराव. खुर्ची मी माह्या घरची आनतो."

त्या आइतवारी जुन्या नाक्याच्या ओट्याशेजारी लोखंडी खांब रोवला गेला. वर मी, खाली छत्री, छत्रीखाली शामरावांच्या घरची वेताची खुर्ची आणि तिच्यात नागनाथराव. मित्रांनो, त्या दिवशी मी वरून पाहत होतो. बोलण्याआधी त्यांनी पाठ ताठ केली आणि दोन्ही पाय, नव्या चपलांसकट, समोर नीट ठेवले.

मग कितीतरी वर्षं आम्ही दोघांनी तो बाजार सांभाळला. लसीकरणाची बाई आली की आम्ही सांगायचो. घाटात झाड पडलं की आम्ही सांगायचो. कुणाची शेळी सुटली, कुणाची पिशवी सापडली, कुणाचा म्हातारा बाप चहाच्या दुकानात मुलाची वाट पाहत बसला आहे, सगळं आमच्याकडे यायचं. आणि हरवलेली लेकरं! त्यांना नागनाथराव आधी मांडीवर बसवायचे, कुसुमबाई मुरमुरे द्यायच्या, आणि मग त्यांचं रडणं ओसरल्यावर माईक सुरू व्हायचा. डोंगरातल्या पाड्यांवर आया मुलांना सांगून ठेवायच्या, की हरवलास तर भोंग्याच्या खांबापाशी जाऊन उभा राहा. याहून मोठं कौतुक मला कधी मिळालं नाही.

पण दिवस सारखे राहत नाहीत. नागनाथरावांच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाजाची पेटीच काढावी लागली. ते घरी आले तेव्हा मानेला भोक होतं आणि त्यावर पांढरं फडकं बांधलेलं होतं. ओठ हलायचे, शब्द उमटत नसे.

त्याच सुमारास पंचायतीने नवी व्यवस्था आणली. चौकोनी काळे डबे, त्यांत आधीच भरून ठेवलेला गोड आवाज. तो आवाज स्वच्छतेबद्दल सांगायचा, कर भरा म्हणायचा, मग गाणं लावायचा. मला खांबावरून उतरवून विहाराच्या व्हरांड्यात ठेवलं गेलं. वर्षातून एकदा जयंतीला मला पुसून बाहेर काढत. बाकीचे दिवस माझ्या पोटात गांधीलमाशा घर करायच्या. धूळ मला सहन झाली. पण समोरच नागनाथरावांचं घर होतं आणि ते मला रोज दिसायचं, ते मात्र सहन होत नव्हतं.

ते बाहेर पडत नसत. कुणी भेटायला आलं की फडक्यावर हात ठेवून आत निघून जात. मुलगा हर्षदीप आदिलाबादला कचेरीत कारकून. सून प्रतिभा गावच्याच शाळेत शिक्षिका, ती सासू-सासऱ्यांजवळ राहायची. ती एकदा म्हणाली, "मामाजी, आइतवार हाये, चला ना बजारात. पाय मोकळे होतीन." नागनाथरावांनी नुसती मान हलवली. कुसुमबाई दारातून म्हणाल्या, "काऊन पिच्छा पुरवतं, बाई? ज्या बजारानं आवाज आयकला, त्याले गळ्याचं फडकं कसं दाखवतीन ते?"

मग दिवाळीच्या आधीचा तो आइतवार आला.

बाजार फुलून गेला होता. उन्हं कलली होती. एवढ्यात एक कोलाम बाई धावत भीमनगरात शिरली. तिच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता. खांबापाशी गेली होती ती, पण तिथे खुर्ची नाही, माणूस नाही. कुणीतरी तिला घर दाखवलं. नागनाथरावांना पाहताच ती त्यांच्या पायाशी बसली.

"भोंगेवाले बाबा, माही जंगू! लहान हाये, लाल झगा हाये. शेंगा मोजता मोजता हात सुटला. सांगा ना बाबा, लवकर सांगा!"

तिचं नाव मानकुबाई. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं, की बाबांचा आवाज गेला आहे.

नागनाथरावांचे ओठ हलले. बाई त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मग तिची नजर फडक्यावर गेली. तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता नागनाथराव आत जातील. पण त्यांनी कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या, तिला हाताला धरून उठवलं आणि बाजाराच्या दिशेने चालू लागले. कुसुमबाई पाहतच राहिल्या.

बाईचं बोलणं ऐकताच घराबाहेर पडलेली प्रतिभा तोवर पंचायतीत पोचली होती. तिथला कार्यदर्शी, म्हणजे ग्रामसेवक, राघवेंद्र भला माणूस. तोही घाबरला.

"म्याडम, या डब्यात बोलायची सोयच नाही. वरून भरून येते तेवढंच वाजते. मी तरी काय करू?"

"मंग जुना भोंगा आना. विहारात हाये."

राघवेंद्रने लगेच मोटारसायकल काढली. मागे बसलेल्या चहावाल्याच्या कुशीत मी, माझं आवाजाचं मशीन, माईक आणि बॅटरी. खांबावर चढवायला वेळ नव्हता. त्यांनी मला नाक्याच्या ओट्यावर उभं केलं आणि माझं तोंड घाटाकडे वळवलं. कारण खरी भीती तिकडेच होती. डोंगरातल्या जीपा अंधाराआधी सुटायच्या, आणि त्यातली एखादी चुकून त्या लेकराला घेऊन गेली, तर कोणत्या पाड्यावर शोधायचं?

माईक प्रतिभाने हातात घेतला. वर्गात पोरांना गप्प करणारी प्रतिभा, पण बाजारासमोर ती सरकारी कागद वाचावा तशी म्हणाली, "सर्वांना सूचना देण्यात येते..." कुणी मान वर केली नाही. सूचना काय, दिवसभर येतच होत्या.

नागनाथराव गर्दीतून पुढे आले. लोकांनी त्यांना पाहिलं, फडकं पाहिलं आणि वाट दिली. त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा हात सावकाश खाली आणला, जणू म्हणत होते, हळू, घरच्यासारखं.

प्रतिभाने श्वास घेतला. "आयाबायांनो, आयका," ती म्हणाली. "एका मायची लेक हरवली. जंगू तिचं नाव. लहान हाये, लाल झगा हाये. आपापल्या पदराखाली पाहा. जीपवाले भाऊ, घडीभर थांबा." मग तेच तेलुगूत. मग शाळेतल्या पोरांकडून उचललेल्या मोडक्यातोडक्या गोंडीत. तराजू थांबले. पण पोर काही पुढे आली नाही.

तेव्हा नागनाथरावांनी एक गोष्ट केली. त्यांनी मानकुबाईकडे बोट दाखवलं आणि मग माईककडे. ओठ हलवून काही म्हणाले.

"ते म्हनून राह्यले," मागून येऊन पोचलेल्या कुसुमबाई बोलल्या, "लेकरू आपलं बोलनं कशाले आयकंल? मायनंच बोलावं."

"मी?" मानकुबाई मागे सरकली. "माही बोली इथं कोनाले समजते?"

"जिले समजाले पाह्यजे तिले समजंल," कुसुमबाई म्हणाल्या आणि माईक तिच्या तोंडाशी धरला.

आधी नुसतं रडू आलं. मग मानकुबाईने डोळे मिटले आणि कोलामीत बोलू लागली. मित्रांनो, घाटजामणीच्या बाजाराने इतक्या वर्षांत ती भाषा माझ्यातून कधी ऐकली नव्हती. नागनाथरावांनाही ती येत नव्हती. शब्द मला कळले नाहीत, पण संध्याकाळी शेताच्या बांधावरून लेकराला घरी बोलवायची हाक कुठल्याही भाषेत ओळखू येते. शेवटी ती फक्त नाव घेत राहिली, लांबवून लांबवून. जंगू... जंगू... माझा पत्रा थरथरत होता. मी जेवढा मोठा होऊ शकत होतो, तेवढा झालो.

आणि घाटाच्या तोंडाकडून जीपचा हॉर्न वाजू लागला. एकदा नाही, सारखा.

भारत नावाच्या ड्रायव्हरची जीप भरून निघाली होती. मागे, शेंगांच्या रिकाम्या पोत्यांमध्ये, आईसारखं हिरवं लुगडं नेसलेल्या एका बाईच्या पाठीशी जंगू झोपली होती. बाईला वाटलं शेजारणीची आहे, शेजारणीला वाटलं बाईची आहे. हाक कानावर पडताच पोर खडबडून उठली आणि तिने असं भोकाड पसरलं की भारतने जागीच ब्रेक मारला. रस्ता अरुंद, वळायला जागा नाही. मग तो हॉर्न वाजवत, रिव्हर्समध्येच, बाजारापर्यंत आला. लोक बाजूला होत होते, हसत होते, डोळे पुसत होते. जंगूच्या एका मुठीत अर्धा खाल्लेला पेरू होता. आईने मिठी मारली तरी तिने तो सोडला नाही.

नागनाथराव ओट्यावर बसले. त्यांचे खांदे हलू लागले. प्रतिभा घाबरून जवळ गेली, "मामाजी, तरास होते का?" पण ते हसत होते. आवाजाशिवाय, तोंड भरून हसत होते. ऑपरेशननंतर त्यांना तसं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आइतवारी राघवेंद्रने स्वतः उभं राहून मला परत खांबावर चढवलं. काळा डबाही तिथेच आहे. आमचं भांडण नाही, तो गाणी छान म्हणतो. पण बोलायचं असेल तेव्हा लोक माझ्याकडे येतात. आता एकच माणूस बोलत नाही. नागनाथराव छत्रीखाली बसतात आणि हाताने खुणावतात, आता तू, आता तू. तेलुगू प्रतिभा सांभाळते. तांड्यावरची बाई तिच्या बोलीत बैल हरवल्याचं सांगते. कोलामपाड्यावरचा एक म्हातारा मागच्या महिन्यात आला. त्याचं काहीच हरवलं नव्हतं. त्याला नातू झाला होता आणि ते सगळ्या बाजाराला सांगायचं होतं. नागनाथरावांनी त्याला लगेच माईक दिला.

मित्रांनो, माझ्या अंगावर आता बरेच पोचे पडले आहेत. पाऊस आला की माझ्यावर एखादं पोतं टाका, पोटातली जाळी काढा, एवढं केलंत तरी मी आणखी काही वर्षं चालेन. पण त्याआधी दुसरं एक करा. गर्दीत कुणी बावरून उभं असेल, त्याचं बोलणं तुम्हाला कळत नसेल, तर मान फिरवून पुढे जाऊ नका. त्याच्या वतीने बोलायचीही घाई करू नका. त्याला हाताला धरून माझ्यापाशी आणा, माईक त्याच्या तोंडाशी धरा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत थांबा. त्याचा आवाज डोंगरापर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे राहू द्या.